आक्षेपवाले आप्पा

साताऱ्याच्या कोषागारात आप्पांच्या टेबलावरून पहिल्याच फेरीत बिल पास झालं, असं कधी घडलं नाही. एका साहेबांच्या प्रवासभत्त्यात ऐंशी पैसे जास्त निघाले म्हणून त्यांनी बिल परत धाडलं. साहेब चिडून एक रुपया भरायला आले, तर आप्पांनी विचारलं, "वरचे वीस पैसे कोणत्या लेखाशीर्षाखाली जमा करू?"

हा माणूस पुढे स्वतःच बिल होऊन दुसऱ्याच्या टेबलावर गेला.

2016 साली आप्पांचं वजन 128 किलो होतं आणि उंची 168 सेंटिमीटर. तेव्हा त्यांचं वजन घटवण्याचं, स्लीव्हचं ऑपरेशन झालं. त्यात जठराचा बराचसा भाग काढून टाकतात आणि केळ्याएवढी नळी मागे ठेवतात. आप्पा 85 किलोंवर आले. पुढे निवृत्ती आली, निवृत्तीबरोबर चहा-खारी आली आणि काटा 98वर गेला. वजनाचं त्यांना काही वाटत नव्हतं. रात्री आडवं झालं की आंबट पाणी घशाशी येई, त्याने ते हैराण होते. स्लीव्हनंतर काहींना हा त्रास होतोच. आप्पा तीन उशा लावून जवळजवळ बसूनच झोपत. गोळ्यांनी भागेना, तेव्हा पुण्याच्या सर्जनने सांगितलं, "आता या स्लीव्हचा गॅस्ट्रिक बायपास करून घ्या."

इस्पितळातल्या विम्याच्या (टीपीए) डेस्कवरच्या मुलीने विमा कंपनीला प्री-ऑथ, म्हणजे पूर्वमंजुरीची मागणी, पाठवली. कॅशलेसचा निर्णय तासाभरात कळवावा, असा 2024पासूनचा दंडक आहे. तासाच्या आत उत्तर आलं, पण ती होती क्वेरी: 'पहिल्या शस्त्रक्रियेवेळचे वजन कळवावे.' आम्ही वैतागलो. आप्पा मात्र खुलले. "प्रश्न रास्त आहे," ते म्हणाले. "मीही हेच विचारलं असतं."

नंतर क्वेऱ्यांची रांगच लागली. जुनी डिस्चार्ज समरी, एंडोस्कोपी, डाएटच्या नोंदी, सगळं आप्पांकडे पृष्ठांक टाकून तयार होतं. पहिलं ऑपरेशन पॉलिसी घेताना लपवलं होतं का, असंही कंपनीने विचारून पाहिलं. आप्पांनी प्रस्तावाची प्रत पुढे केली. तीत ऑपरेशन होतंच, शिवाय तिसरीत असताना काढलेले टॉन्सिल्सही होते.

खरा अडसर पुढेच होता. वजन कमी करण्याचे उपचार विम्यातून वगळलेले असतात. विमा नियामकाच्या 2019च्या परिपत्रकाने त्याला 06 क्रमांकाचा कोड दिला. ऑपरेशनचे पैसे हवे असतील तर बीएमआय, म्हणजे वजनाचं उंचीशी प्रमाण, 40 लागतो, किंवा 35 आणि जोडीला हृदयविकार, झोपेत श्वास अडकणं, आटोक्यात न येणारा मधुमेह यांसारखं एखादं भारी दुखणं. आप्पांचा बीएमआय निघाला 34.7, आणि यादीतलं दुखणं एकही नाही.

"आठशे ग्रॅम कमी पडतात," मी हिशोब करून म्हटलं. "आठवडाभर श्रीखंड खा."

"आणि वजन करताना खिशात चिल्लर ठेवा," शेजारच्या नानांनी भर घातली.

आप्पांनी आमच्याकडे असं पाहिलं, की आम्ही जणू तिजोरीच्या किल्ल्या मागितल्या होत्या. "मोजमापात फेरफार? आणि दुखणं कुठून आणू?" मग ते जरा नरमले. "हे 40 आणि 35 मुळात 1991चे आहेत, अमेरिकेतल्या एका परिषदेचे. 2022 साली सर्जन लोकांच्या संघटनांनी ते खाली आणले. पण आपल्या पॉलिसीतलं कलम बदललेलं नाही. बदलेस्तोवर ते लागू."

रात्री उशांना टेकून त्यांनी तोड काढली. ऑपरेशन वजनासाठी नाहीच, ते घशाशी येणाऱ्या आम्लासाठी आहे. तेव्हा 06 हे शीर्षच चुकीचं. सर्जनकडून तसं पत्र घेतलं, एंडोस्कोपीतली अन्ननलिकेची सूज लाल शाईने अधोरेखित केली आणि सतरा परिच्छेदांचं निवेदन कंपनीला गेलं. शिवाय विमा लोकपालांकडे द्यायच्या तक्रारीचा मसुदाही तयार ठेवला. तिथे फी नाही, वकील चालत नाही, फक्त आधी कंपनीकडे दाद मागावी लागते आणि उत्तर आलं नाही तर महिनाभर थांबावं लागतं. वकील चालत नाही हे कळल्यापासून आप्पा नकाराची वाटच पाहू लागले होते.

आणि मंजुरी आली.

आप्पांचा चेहरा पडला. पत्र त्यांनी दोनदा वाचलं, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं आणि एकदम ताठ बसले. "ही मंजुरी 06खाली दिलीय! माझा बीएमआय 34.7 आहे. मी अपात्र आहे! पात्रता नसताना मंजुरी दिलीच कशी?"

"अहो, मिळतंय ते घ्या," आप्पांच्या पत्नी, आमच्या काकू, म्हणाल्या.

"उद्या ऑडिटमध्ये निघालं तर वसुली लागेल."

"लागू दे. पोट काही परत मागणार नाहीत."

आप्पांनी शुद्धिपत्रकाची मागणी लिहिलीच. ॲडमिट व्हायच्या दिवशी ते पाकीट त्यांनी माझ्या हातात दिलं. मी काकूंकडे पाहिलं. "टाका पोस्टात," त्या शांतपणे म्हणाल्या. "पोचेपर्यंत ऑपरेशन उरकेल."

ऑपरेशन उत्तम झालं. आप्पा घरी आले आणि एका उशीवर झोपू लागले. मग एके दिवशी कंपनीचं उत्तर आलं: 'आपल्या पत्राच्या अनुषंगाने, सध्याचे वजन कळवावे.'

सध्याचं म्हणजे शस्त्रक्रियेपूर्वीचं की नंतरचं, याचा खुलासा पत्रात नव्हता. आप्पा टाके दुखेपर्यंत हसले, मग काकूंना म्हणाले, "पेन आण. लाल."