नानांची बैठक

नाना तुमच्या ओळखीचे आहेत. नाव वेगळं असेल, गाव वेगळं असेल, पण दर जूनमध्ये "यंदा दिवाळी अंकाला कथा द्यायचीच" असं जाहीर करून त्यासाठी आधी नवी वही आणणारा एक तरी माणूस तुमच्या आसपास राहतोच. आमचे नाना समोरच्या दारात राहतात, हा माझ्या नशिबाचा भाग. परवा रात्री साडेदहाला बेल वाजली.

"तुझ्याकडे निळी-काळी शाई आहे का रे? नुसती निळी चालत नाही. निळ्या शाईत मला विनोदी सुचतं, आणि कथा गंभीर आहे."

शाई दिली. कथा कुठवर आली, असं विचारलं.

"बैठक जमत आलीय," नाना म्हणाले.

ही बैठक गेली कित्येक वर्षं जमत आलेली आहे. पहाटे उठायचं, आंघोळ, धुतलेला सदरा, टेबलाचं तोंड पूर्वेला, उदबत्ती चंदनाची (मोगऱ्याच्या वासानं म्हणे पात्रं उगाच प्रेमात पडतात), चहा कपात नाही, पितळी पेल्यात. मग कोमट पाण्यात पेनाचं निब धुणं. हे सगळं झालं की नाना वही उघडतात आणि पहिल्या पानावर, वरच्या बाजूला, बरोबर मध्यावर लिहितात: ॥ श्री ॥

ही श्री मी पाहिलेली आहे. तिच्यासारखी श्री आज पुण्यात कुणी काढत नसेल. सुरुवातीचा वळसा, पोटातली गाठ, दीर्घ वेलांटीचा डौल, दोन्हीकडचे दंड अगदी एका उंचीचे. काढायला पाऊण तास लागतो. काढून झाली की नाना पेनाला टोपण लावून मागे रेलतात आणि ती वाळू देतात. आता यात अडचण अशी, की श्री मनासारखी उतरली नाही तर तो दिवस लिहायला चांगला नाही. आणि मनासारखी उतरली, तर खाली काहीतरी खरडून पान खराब कशाला करायचं? तेवढ्यात पेपर येतो.

अशा वह्या नानांकडे कपाटभर आहेत. पहिल्या पानावर श्री, पुढे शुद्ध कोरी. वहिनी त्या वाया जाऊ देत नाहीत. दुधाचा हिशोब, भिशीच्या नोंदी, वाणसामानाची यादी, सगळं त्याच वह्यांमध्ये. त्या घरातली तूरडाळसुद्धा ॥ श्री ॥ च्या खाली येते.

"आरंभ देवाच्या नावानं व्हायला हवा," नानांचं म्हणणं. महाभारत लिहून घेताना गणपतीनं व्यासांना अट घातली होती, की माझी लेखणी थांबता कामा नये. व्यासांनी उलट अट घातली, की अर्थ कळल्याशिवाय लिहायचं नाही. नानांनी यातली फक्त दुसरी उचलली आहे.

थोर लेखकांच्या सवयी नानांना तोंडपाठ आहेत. थोर लेखकांची पुस्तकं तेवढी वाचून झालेली नाहीत, पण तो मुद्दा वेगळा. जर्मन कवी शिलर टेबलाच्या खणात सडकी सफरचंदं ठेवायचा, त्या वासाशिवाय त्याला लिहिता येत नसे, हे खुद्द गटेनं सांगून ठेवलंय. नानांनी सफरचंदाचा भाव विचारला आणि पेरू आणले. चौथ्या दिवशी खणात मुंग्या, खोलीत चिलटं. नानांनी त्या वासात डोळे मिटून श्री काढली. पाचव्या दिवशी वहिनींनी खणच गॅलरीत उपडा केला. हेमिंग्वे उभ्यानं लिहायचा हे कळल्यावर वही फ्रिजवर गेली. त्या आठवड्यात नाना दर दहा मिनिटांनी फ्रिज उघडत होते, एवढीच प्रगती.

मग त्यांना अँथनी ट्रॉलप सापडला. हा इंग्लंडच्या पोस्टखात्यातला नोकरदार माणूस. पहाटे उठवायला येणाऱ्या नोकराला वेगळे पैसे द्यायचा, समोर घड्याळ ठेवून दर पाव तासाला २५० शब्द लिहायचा आणि मग कामावर जायचा. कादंबऱ्या सत्तेचाळीस. मला वाटलं, आता तरी काही होईल. नानांनी हिशोब मांडला: तासाला हजार शब्द, दिवाळी अंकाची कथा पाच हजारांची, म्हणजे काम एकूण पाच तासांचं. "मग घाई कसली?" म्हणाले, आणि पंधरा दिवस कोकणात जाऊन आले.

शेवटी मी वैतागून टिळकांना मध्ये आणलं. "नाना, मंडालेच्या तुरुंगात टिळकांना शाईसुद्धा मिळत नव्हती. आख्खं 'गीतारहस्य' १९१०-११च्या हिवाळ्यात शिसपेन्सिलीनं लिहिलंय."

नानांचे डोळे चमकले. "पेन्सिल!"

दुसऱ्या दिवशी अप्पा बळवंत चौकातून पेन्सिलींचा खोका आला. सगळ्यांना टोकं काढून झाली. आणि एक भलताच घोटाळा झाला. शाईची श्री निदान एकदा काढली की संपायची. पेन्सिलीची खोडता येते. त्या महिन्यात नाना श्रीच्या पुढच्या दंडापर्यंतसुद्धा पोचले नाहीत.

तुरुंग मात्र त्यांच्या डोक्यातून जाईना. साने गुरुजींनी 'श्यामची आई' १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहिली. विनोबांची गीतेवरची प्रवचनं धुळ्याच्या तुरुंगातली, तीही साने गुरुजींनीच उतरवून घेतलेली. सावरकरांनी अंदमानात कोठडीच्या भिंतीवर कविता कोरल्या. यातून कोणी 'लिहिणाऱ्याला काहीही पुरतं' असा अर्थ काढेल. नानांनी 'आपल्याला कोठडी हवी' असा काढला. वहिनींना सांगितलं, बाहेरून कडी घाल, मी ओरडलो तरी एक वाजेपर्यंत उघडू नकोस. वहिनींनी शब्द पाळला. कडी घालून त्या भजनी मंडळात गेल्या आणि तिथून परस्पर बहिणीकडे. सव्वातीनला आमच्या खिडकीतून हाक ऐकू आली, "अरे, ए! जरा ये रे!" मी कडी काढली. नाना काही न बोलता माझ्या शेजारून थेट बाथरूमकडे धावले. टेबलावर वही उघडी होती. त्यांनी काढलेली ती सगळ्यात सुंदर श्री.

त्या दिवशी मला बोलावंसं वाटलं आणि मी बोललो. म्हटलं, अण्णाभाऊ साठ्यांना कोणती पूर्व दिशा होती? घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडपट्टीत राहून त्यांनी 'फकिरा' दिली, १९५९ साली. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या; त्यांनी दर वेळी निब कोमट पाण्यात धुतलं असतं तर धनंजय आणि झुंजार जन्मालाच आले नसते. विधी असावा, नाही असं नाही, पण तो लिहिण्याहून लहान असावा.

नाना पेल्यातला चहा ढवळत राहिले. मग म्हणाले, "त्यांना लिहायचं होतं रे. मला चांगलं लिहायचंय."

यावर मला उत्तर सुचलं नाही. पुढचं मला वहिनींकडून कळलं. कॉलेजात असताना नानांची एक कथा एका छोट्या मासिकात छापून आली होती. ते कात्रण प्लास्टिकच्या पिशवीत आहे, आणि त्याबरोबर एका अनोळखी वाचकाचं पोस्टकार्ड: कथा फार आवडली, पुढच्या कथेची वाट पाहतो. बिचाऱ्यानं कौतुकानंच लिहिलं होतं. नाना त्या एका माणसासाठी आजवर उदबत्ती लावतायत.

आणि याच नानांना मी लिहितानाही पाहिलंय, हे नाइलाजानं सांगायला हवं. सोसायटीचं पाणी तुटलं तेव्हा महापालिकेला द्यायचा अर्ज त्यांनी जिन्यात उभ्याउभ्या, भिंतीला कागद टेकवून, माझ्या गळक्या बॉलपेननं लिहिला. दहा मिनिटांत. वॉचमनच्या गावाकडच्या भावाला पत्र, तळमजल्यावरचे आजोबा गेले तेव्हा फळ्यावरचा मजकूर, सगळं असंच. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींच्या मुलीला शिष्यवृत्तीचा अर्ज करायचा होता. नानांनी तो विजेच्या बिलाच्या मागे लिहून दिला. मी नक्कल करायला घेतला म्हणून वाचला. त्यात होतं: "मुलगी हुशार आहे असं प्रत्येक अर्जात लिहितात, म्हणून मी ते लिहीत नाही. ती रोज रात्री आमच्या जिन्यातल्या दिव्याखाली अभ्यास करते. गेल्या महिन्यात दिवा गेला, तेव्हा नवा बल्ब तिनं आणून लावला. सोसायटीच्या ते आठ दिवसांनी लक्षात आलं."

हे मला सुचलं असतं तर मी त्याची बारा पानं करून मानधन घेतलं असतं. बिलाच्या मागे वर श्री नव्हती. मी मुद्दाम पाहिलं.

तेव्हा दिवाळी अंकांच्या संपादकांना एक विनंती. का. र. मित्रांच्या 'मनोरंजन'नं १९०९ साली दिवाळी अंक सुरू केल्यापासून तुम्ही लोक लेखकांकडे कथा मागत आलात. नानांकडे मागू नका. त्यांना कळवा, की अमक्या माणसाचं असं असं अडलंय, दोन ओळी लिहून दिल्यात तर बरं होईल. शब्दमर्यादा सांगू नका. मुदत उद्या सकाळची द्या. आणि पत्राची मागची बाजू कोरी सोडा, ते त्यावरच लिहितात.