लंडन आणि बीड, दोन्ही सारखेच लांब

संगणकावर दोन विमानतळांची नावं टाकली की मधलं अंतर आणि लागणारा वेळ लगेच समोर येतो. मुंबई ते लंडन : सुमारे ७,२०० किलोमीटर, नऊ-दहा तास. आता बीड टाकून पाहा. यंत्र थोडं घुटमळतं आणि छत्रपती संभाजीनगरचा विमानतळ पुढं करतं. म्हणजे आकाशात जायला आधी सव्वाशे किलोमीटर जमिनीवरून जा.

वास्तविक आकाशमार्गाशी बीडचा संबंध फार जुना. सीतेला घेऊन उडालेल्या रावणाला जटायूनं अडवलं आणि घायाळ होऊन तो पडला तो आमच्याच गावात, अशी श्रद्धा आहे. जटाशंकराचं मंदिर त्याची साक्ष देतं. त्यानंतर या विषयात आम्ही काही केलेलं नाही.

भाचा लंडनला निघाला तेव्हा आईनं त्याला विचारलं, "किती तास लागत्यात रे?"

"साडेनऊ, आजी."

"मंग मुंबईइतकंच की! उभं राहून तर जावं लागत न्हाई ना?"

हसू नका. बीडहून मुंबई रस्त्यानं चारशेच्या आसपास किलोमीटर. रात्रीची गाडी पाटोदा, आष्टी, कडा करत निघते. मध्ये ढाब्यावर ड्रायव्हरचं जेवण निवांत होतं, आपण खिडकीतून त्याची दुसरी भाकरी मोजतो. गाडीला नऊ-दहा तास लागतातच. गंमत अशी, की ही दोन्ही गावं १९ अंश अक्षांशाच्या आसपासच आहेत. हवाई अंतर तीनशे किलोमीटर; नऊशेच्या वेगानं ते कापायला वीस मिनिटं पुरे.

लंडनहून परतताना विमानाला वरच्या थरातला, पूर्वेकडे वाहणारा जेट प्रवाह मागून रेटतो आणि बराच वेळ वाचतो. मुंबईहून बीडही पूर्वेलाच. पण आमच्या गाडीला असा वारा मागून लागल्याचं ऐकिवात नाही.

८ जून १९४८ ला 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून कैरो, जिनिव्हा करत लंडनला निघालं, तेव्हा बीड निजामाच्या राज्यात होतं. म्हणजे मुंबईकराला तेव्हा लंडनप्रमाणे बीडही परमुलूखच! पुढं लंडनच्या वाटेतले थांबे गेले. आमच्या वाटेतले वाढले.

१७ सप्टेंबर २०२५ ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीडहून अहिल्यानगरला रेल्वे सुरू झाली. कित्येक वर्षं वाट पाहिलेली गाडी; तिच्या वेगाबद्दल आत्ताच बोलणं कृतघ्नपणाचं ठरेल.

तेव्हा तुमचा पाहुणा लंडनहून बीडला येणार असेल, तर विमान किती वाजता उतरतं हे विचारू नका. मुंबईहून गाडी किती वाजता सुटते ते विचारा आणि भाकरी त्या हिशोबानं थापा.