खिळ्यावरचे तीनशे

भंडाऱ्यात खात रोडला राहणाऱ्या एका निवृत्त गुरुजींनी दिवाळीत 300 एमबीपीएसचा प्लॅन घेतला. 18 टक्के जीएसटी वेगळा. घरात टीव्ही एक, पाहणारे दोघे, गुरुजी आणि बाई. तरी ऐन भांडणात नायिकेचं तोंड उघडंच राहतं आणि पडद्यावर चकरी फिरायला लागते.

एचडी चित्र न अडखळता पाहायला साधारण 5 एमबीपीएस लागतात, फोरकेला 15 ते 25. गुरुजींचा टीव्ही फोरके नाही. ते गणिताचे मास्तर. त्यांनी कंपनीला फोनवर शांतपणे हिशेब सांगितला की या प्लॅनवर एकाच वेळी साठ टीव्ही चालायला हवेत. पलीकडच्या मुलीनं सगळं ऐकून घेतलं आणि 500 चा प्लॅन सुचवला.

खरी भानगड खिळ्याची आहे.

जोडणी करायला आलेल्या पोरानं खांबावरची वायर समोरच्या खिडकीतून आत घेतली. तिथं भिंतीवर खिळा होता, खिळ्यावर कॅलेंडर. कॅलेंडर उतरलं, राउटर चढला. टीव्ही कुठं आहे, हे पोरानं विचारलं नाही आणि गुरुजींनी सांगितलं नाही. साकोलीत हाच राउटर मीटरच्या पेटीवर बसतो, पवनीत देव्हाऱ्यावर, तुमसरात धानाच्या पोत्यांच्या थप्पीमागे. वास्तुशास्त्राला विचारून दरवाजा फिरवणारी माणसं राउटरच्या बाबतीत खिळ्याचा शब्द अखेरचा मानतात.

तक्रार केली की पोरगा येतो, खिळ्याखाली उभा राहतो आणि मोबाइलवर स्पीड टेस्ट लावतो. “पहा ना काकाजी, 290 येऊन रायले!” आले असतील. ते खिळ्याला आले. मालिका खिळ्यानं पाहावी.

टीव्ही मागच्या खोलीत आहे. मध्ये दोन जाड भिंती. राउटरचा 5 गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान, पण भिंत लागली की गळाठतो, 2.4 चा पट्टा भिंतीतून लांब जातो, पण मुळात धिमा, आणि त्यात आळीतल्या सगळ्या राउटरांची गर्दी. शिवाय गाव पितळेचं. भिंतीतल्या फळीवर सासूबाईंच्या काळातले गुंड, परात, हंडे चकचकीत मांडलेले. धातूवर आपटून लहरी आल्या वाटेनं परततात. एवढ्यानं भागत नाही म्हणून मार्चअखेर माळ्यावरून कूलर उतरतो. विदर्भातला कूलर म्हणजे खिडकीएवढा पत्र्याचा डबा, पोटात पाणी, तिन्ही बाजूंना ओला वाळा. पत्रा लहरी अडवतो, पाणी उरलेल्या पिऊन टाकतं. असा हा डबा नेमका दोन खोल्यांच्या मधल्या दारात बसवतात, कारण गार हवा दोन्हीकडे जावी. हवा जाते. मालिका अलीकडेच थांबते. मग मे महिन्यात, पारा 45 ला टेकला असताना, गुरुजी शेजाऱ्यांना सांगतात की उन्हानं नेट तापतं. शेजारी मान डोलावतात, कारण त्यांच्याही दारात कूलर आहे. माजी मालगुजारी, म्हणजे मामा, तलाव तुडुंब आणि शेवटची बांधी कोरडी, ही तऱ्हा या जिल्ह्याला काही नवी नाही.

मागच्या खोलीत कसेबसे 3 पोचतात. कायद्यानं गुरुजी सुखी आहेत. 2004 साली देशात 256 केबीपीएसला ब्रॉडबँड म्हणत, 2013 पासून 512 ला, आणि 2023 पासून किमान 2 एमबीपीएसला. म्हणजे चकरी फिरत असतानासुद्धा गुरुजींच्या पलंगाशी व्याख्येच्या दीडपट ब्रॉडबँड हजर असतो.

आता संताप. या सगळ्यावर उपाय आहे दहा-बारा मीटर लॅन वायर. राउटरपासून टीव्हीपर्यंत ओढायची, टीव्हीच्या पाठीला तिच्यासाठी खोबण असते, तिथं खुपसायची. बास! हे विकणाऱ्याला ठाऊक असतं, जोडणाऱ्याला ठाऊक असतं, आणि कोणी बोलत नाही. वायर एकदाच विकली जाते, प्लॅन दर महिन्याला. त्यातही मेख अशी, की बहुतेक टीव्हींची ती खोबण 100 एमबीपीएसच्या वर घेतच नाही. म्हाताऱ्या जोडप्याला 300 विकायचे, 500 सुचवायचे, आणि ज्या यंत्रासाठी विकायचे त्याच्या तोंडात 100 च्या वर घास मावत नाही! याला व्यापार म्हणतात म्हणे. चोरानं निदान खिडकी तरी बंद केली असती. यांनी खिडकीत वायरसाठी पाडलेलं भोकसुद्धा तसंच ठेवलं, पावसाळ्यात त्यातून गोगलगायी येतात.

गुरुजींनी वायरीचं नाव काढलं तेव्हा पोरगा हळहळला. “भिंत फोडा लागन जी.” पुण्यातल्या मुलानं फोनवर मेश सुचवला, म्हणजे मधल्या खोलीत दुसरा डबा. डबा आला. मधल्या खोलीत प्लगची जागा एकच आहे आणि तिथं कूलर लावलेला असतो. बाईंनी विचार करायला वेळ घेतला नाही. डबा परत खोक्यात गेला.