त्रुटीवाले भाऊसाहेब

"पह्यले सेल पाय."

आमच्या गल्लीतल्या निम्म्या आंघोळी या तीन शब्दांवर होतात. डिसेंबर लागला की बुलढाण्यात सकाळी बोलताना तोंडातून वाफ निघते, आणि नेमका त्याच आठवड्यात कुणाचा तरी गॅस गिझर संप पुकारतो. घरातला कर्ता पुरुष टॉवेल गुंडाळून, एका कानाला साबण तसाच ठेवून, गॅलरीत येतो आणि ओरडतो, "भाऊसाहेब!" समोरच्या ओट्यावर मफलर बांधून बसलेली मूर्ती पेपर खाली ठेवत नाही. पेपराच्या आडूनच आदेश येतो. मग पोरगं किराणा दुकानाकडे पळतं, टॉर्चचे दोन मोठे सेल आणतं आणि दहातल्या सहा वेळा तेवढ्यावर भागतं. उरलेल्या चार वेळांसाठी भाऊसाहेब चपला घालतात.

गैरसमज नको म्हणून सांगून टाकतो, भाऊसाहेब मेकॅनिक नाहीत. त्यांनी आयुष्यात पाना धरलेला नाही. पेचकस त्यांच्या हातात दिला तर ते तो पेनासारखा धरतात. त्यांची सगळी नोकरी जिल्हा परिषदेत लिपिक म्हणून गेली आणि त्या नोकरीत ते एकाच गोष्टीसाठी प्रसिद्ध होते. त्यांच्या टेबलावरून एकही फाईल पहिल्या खेपेला पुढे सरकली नाही. समासात लाल शाईने 'त्रुटी' लिहायचं, खाली एक, दोन, तीन. अर्जावर दिनांक नाही. सहपत्र जोडलेले नाही. रकाना क्रमांक चारमध्ये खाडाखोड. पैसे खात नसत, हे विशेष. त्यामुळे ठेकेदार त्यांना जास्तच घाबरत. निवृत्तीनंतर फायली यायच्या थांबल्या, पण लाल शाई अंगातच राहिली. पहिल्याच हिवाळ्यात शेजाऱ्याचा गिझर बिघडला आणि भाऊसाहेबांना नवं टेबल मिळालं.

मूळचे ते घाटाखालचे, नांदुऱ्याकडचे. आम्ही घाटावरचे. राजूर घाट चढून वर आलेल्या माणसाला इथली थंडी जरा जास्तच लागते, पण भाऊसाहेब तिला अपमान समजतात. शिवाय ते खारपाणपट्ट्यातले. त्यामुळे पाणी हा त्यांच्या अभिमानाचा विषय. "आमच्याकडल्या पाण्याले चव असते. तुमचं नुसतंच वल्लं." कुणाच्या बोअरच्या पाण्याने गिझरच्या नळीत पांढरी पुटं धरली की ते ती नखाने खरवडतात, डोळ्यांजवळ नेतात आणि घरमालकाला विचारतात, "पाइपलाइन डायरेक्ट लोणारच्या सरोवरातून आणली का?"

त्यांची कामाची पद्धत एकदा जवळून बघावी अशी आहे. मागच्या जानेवारीत समोरच्या सरांकडे गिझर पेटेना. सर गणित शिकवायचे, त्यामुळे उत्तर आधी काढून मोकळे झालेले. "गिझर गेला. नवीन घ्यावा लागणार." भाऊसाहेब न्हाणीघराच्या दारात स्टूल टाकून बसले. आत पाऊल नाही.

"टक् टक् होते का?"

"होतं."

"मंग सेल मंजूर. पेटते का?"

"एक क्षण पेटतो, लगेच विझतो."

"सिलिंडरमध्ये गॅस हाये?"

"आहे की."

"पाह्यलं, का वाटते?"

हा भाऊसाहेबांचा ब्रह्मप्रश्न. जिल्हा परिषदेतही ते हाच विचारायचे म्हणे. माणूस जे 'आहे' म्हणतो ते त्याने पाहिलेलं असतं की त्याला नुसतं वाटत असतं, यावर ते अख्खी फाईल अडवत. सरांना वाटत होतं. मग ओलं फडकं आलं, सिलिंडरला वरपासून खालपर्यंत पुसून घेतलं आणि सगळे तिथे उकिडवे बसले. वरचा पत्रा दोन मिनिटांत वाळला, खालचा तिसरा हिस्सा ओलाच राहिला. द्रवरूप गॅस जिथवर असतो तिथवर पत्रा गार, म्हणून ओल टिकते. गॅस होता. भाऊसाहेबांनी मान डोलावली. बाब क्रमांक दोन, पूर्तता.

"वरच्या टाकीत पाणी?"

"आहे हो, नळाला येतंय ना!"

"पाह्यलं, का..."

सर स्वतःच जिना चढले. टाकीच्या तळाला वीतभर पाणी. नळाला धार येत होती, पण करंगळीएवढी. इथे भाऊसाहेबांचं आवडतं प्रवचन सुरू झालं. येळगावच्या धरणाचे दरवाजे पाहिलेत का? पैनगंगेला पूर आला की ते आपोआप पडतात, वीज नाही की बटण दाबणारा नाही, सगळा खेळ पाण्याच्या दाबाचा. गिझरच्या पोटात रबराचा पडदा असतो, तो येळगावचा धाकटा भाऊ. पाण्याने त्याला जोरात ढकललं तरच तो गॅसला वाट देतो. धार बारीक झाली की वाट बंद, कारण नळीत पाणी नसताना जाळ चालू राहिला तर तांबं वितळेल. "ते यंत्र बिघडेल नाई सर, ते नियमानं चालून राह्यलं."

मोटर लावून टाकी भरली. गिझर तरीही विझला.

सरांच्या चेहऱ्यावर मला थोडा आनंद दिसला. भाऊसाहेब मात्र हलले नाहीत. "पेटून इझते, म्हणजे त्याले जाळ दिसत नाई." बर्नरच्या तोंडाशी दोन सुया असतात. एक ठिणगी टाकते, दुसरी जाळात उभी राहून साक्ष देते की हो, पेटलंय. जाळातून अगदी क्षीण वीज वाहते, ती सुई ती वीज टिपते. सुईवर काजळी धरली की साक्ष होत नाही आणि गिझर काही सेकंदांत गॅस तोडतो. रेग्युलेटर बंद करून सरांच्या मुलाने बारीक पॉलिश पेपरने ती सुई हलकेच घासली. भाऊसाहेब स्टुलावरून नुसतं "हळू, हळू" म्हणत होते. गिझर पेटला. सरांनी नव्या गिझरसाठी काढलेले पैसे परत कपाटात ठेवले आणि भाऊसाहेबांसाठी शेगावची कचोरी मागवली. एवढीच त्यांची फी. तिच्यातही ते त्रुटी काढतात, मिरची कमी.

चुकतात का? चुकतात. मागे एका घरी त्यांनी एकामागून एक अकरा त्रुटी काढल्या, तीन दिवस घरच्यांना चुलीवरच्या पाण्याने आंघोळ घातली, आणि शेवटी प्लंबरने येऊन तो रबरी पडदा फाटलाय म्हणून दहा मिनिटांत बदलला. त्यावर भाऊसाहेब एवढंच म्हणाले, "तो भाग माझ्या अखत्यारीत येत नाई."

एका बाबतीत मात्र ते त्रुटी लिहीत नाहीत, सरळ नामंजूर करतात. बंद न्हाणीघरात बसवलेला गिझर. एकदा एका भाडेकरूने त्यांना उत्साहाने आत नेलं. खिडकीला कागद चिकटवलेला, थंडी येते म्हणून. भाऊसाहेब उलट्या पावली बाहेर आले आणि पहिल्यांदाच आम्ही त्यांचा आवाज चढलेला ऐकला. सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम वास मिसळलेला असतो, गळाला तर कळतं. पण कोंडलेल्या जागेत जाळाला हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणूस साबण लावता लावता खाली बसतो आणि दार आतून लावलेलं असतं. "गिझर बाहेर, पाणी आत. नाई तं थंड पाण्यानं आंघोय कर." गिझर बाहेरच्या भिंतीवर गेला तेव्हाच ते त्या घरी चहाला गेले. वास आला तर काय, तेही ते पोरांकडून पाठ करून घेतात. दिव्याच्या बटणाला हात नाही, रेग्युलेटर बंद, दारं उघडी, हा गॅस हवेपेक्षा जड म्हणून खाली साचतो, आणि बाहेर येऊन १९०६ ला फोन. आमच्या गल्लीतल्या लहान पोरांना पाढे येत नाहीत, १९०६ येतो.

आणि इतकं करून त्यांच्या स्वतःच्या घरी गिझर नाहीच. मागच्या अंगणात तांब्याचा बंब आहे. काकू त्यात पऱ्हाट्या कोंबतात. त्याविषयी विचारलं की भाऊसाहेब म्हणतात, "बंबाले सेल लागत नाई."

आता मुख्य प्रकरणाकडे येतो. त्यांचा पुतण्या अमेरिकेत, मिनियापोलिसला असतो. या जानेवारीत एकदा सकाळी नऊला ओट्यावर त्याचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे आदल्या रात्रीचे साडेनऊ. पुतण्या घरात असून टोपी घातलेला. बाहेर उणे २० आणि घराची भट्टी बंद पडलेली. दुरुस्तीवाला उद्या दुपारी येणार. पुतण्याने फोन केला होता तो खरं तर काकूला, बोलता बोलता सांगितलं. पण 'बंद पडली' हे शब्द भाऊसाहेबांच्या कानावर गेले होते. फोन काकूंच्या हातातून केव्हा गेला ते त्यांनाही कळलं नाही.

"पह्यले सेल पाय."

"काका, ही भट्टी आहे, फर्नेस. कपाटाएवढी. नळाच्या गॅसवर चालते. तिला सेल नसतात."

"तिले चालू हो म्हणून कोण सांगते?"

भिंतीवरचा थर्मोस्टॅट. त्यात दोन सेल निघाले. पुतण्याने निमूटपणे बदलले. भट्टी ढिम्म. तोवर ओट्यावर आम्ही पाच-सहा जण जमलो होतो. "भट्टीची जाळी?" हवा गाळायची जाळी बाहेर निघाली ती जुन्या गोधडीसारखी. तिने वारा अडला की भट्टी तापून स्वतःला तोडते, हे भाऊसाहेबांनी कूलरवरून ताडलं. जाळी काढली, तरी ढिम्म. भट्टीच्या दाराला एक काचेचं भोक होतं, आत लाल दिवा लुकलुकत होता. भाऊसाहेबांनी बोटांवर मोजलं. तीन, मग थांबा. पुन्हा तीन.

"याचं सहपत्र कुठं हाये?"

दाराच्या आतल्या बाजूला कागद चिकटवलेला होता. त्यात तीन लुकलुकींचा अर्थ दिला होता, प्रेशर स्विच.

"दाब?" भाऊसाहेबांनी मफलर सोडला. "म्हणजे येळगाव!"

पुढची पंधरा मिनिटं पुतण्या सांगत होता आणि भाऊसाहेब एकेक बाब तपासत होते. जुन्या भट्ट्यांची साधारण एक पंचमांश उष्णता धुराड्यातून वाया जायची. ही नव्या जातीची, शंभरातली नव्वदच्या वर घरातच ठेवणारी. धुरातली वाफ ती आतल्या आत निववते, तिचं पाणी नळीने निघून जातं आणि धूर इतका निवतो की त्याला प्लास्टिकचा पाइप चालतो. इथे भाऊसाहेबांनी हात वर केला. "जाळातून पाणी निंघते, अन् धूर प्लास्टिकातून जाते?" त्यांनी आमच्याकडे पाहिलं. लबाड ठेकेदाराचं बिल पाहावं तसं. पण पुतण्याने पाणी ठिबकायची नळी दाखवली, तिच्यात गाळ नव्हता, ती मंजूर झाली. धूर ओढायला आत छोटा पंखा असतो. त्याची ओढ बसली तर दाबाचा स्विच हो म्हणतो, मगच ठिणगीऐवजी एक कांडी लालबुंद तापते आणि गॅस सुटतो. पंखा फिरत होता, ओढ बसत नव्हती.

"हवा घेते कुठून?"

"बाहेरून. भिंतीतून दोन पांढरे पाइप बाहेर काढलेत."

"त्याची तोंडं मोकळी हायेत?"

"असतील ना, काका."

ओट्यावरचे आम्ही सगळे एका सुरात म्हणालो, "पाह्यलं, का वाटते?"

पुतण्या कोट, बूट, हातमोजे चढवून बाहेर गेला. फोनवर आधी काही दिसेनाच, सगळं पांढरं. मग कळलं की तेच दिसायचं होतं. दिवसभराच्या वाऱ्याने भिंतीला कंबरभर बर्फ लोटला होता आणि दोन्ही पाइप त्यात बुडालेले. मागे एका कूलरच्या पाण्याच्या नळीत कुंभारीण माशीने मातीचं घर केलं होतं, ते भाऊसाहेबांनी काडीने काढवलं होतं; इथे मातीऐवजी बर्फ. पुतण्याने हाताने बर्फ उकरला, आत येऊन भट्टीचं बटण बंद करून चालू केलं. पंख्याची घरघर. मग काचेच्या भोकातून नारिंगी उजेड. मग भप्प, आणि जवसाच्या फुलासारखी निळी ज्योत. ओट्यावर टाळ्या. काकूंनी साखर वाटली. भाऊसाहेबांनी शेवटची अट घातली, "घरात त्या इषारी गॅसची घंटी हाये का?" पुतण्या म्हणाला, आहे. "वाटते का..." पुतण्याने घंटीचं बटण दाबलं, ती मिनियापोलिसहून बुलढाण्यापर्यंत किंचाळली. फाईल बंद झाली.

तेव्हापासून भाऊसाहेब जरा असह्य झालेत. कुणाचाही गिझर बघायला गेले की आधी अमेरिकेची भट्टी सांगतात, मग स्टूल मागतात.

म्हणून मागच्या आठवड्यात माझा गिझर बंद पडला तेव्हा मी ठरवलं, यांना बोलवायचं, पण 'सेल पाय' म्हणायची संधी द्यायची नाही. सेल बदलले. टाकी जिना चढून पाहिली. सिलिंडरला ओलं फडकं लावलं. सुई घासली. गिझर हूं की चूं करेना. मग शांतपणे हाक मारली. ते आले, स्टुलावर बसले, मी सगळ्या बाबी क्रमाने वाचून दाखवल्या. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सेल काढून दाखव."

एक सेल उलटा बसला होता.