वेजचा नांगर होतो तेव्हा

गोल्फ महाराष्ट्राला तसा परका नाही. नाशिककरांनी तर 'गोल्फ क्लब' या नावाचं अख्खं मैदान सांभाळलं आणि त्यावर रणजीचे सामने खेळवले. गोल्फशी इतके सलोख्याचे संबंध सगळ्यांनाच ठेवता येत नाहीत. जे खरोखर काठ्यांची पिशवी खांद्यावर घेतात, त्यांच्यापुढे आज ना उद्या एक पेच उभा राहतो. चारशे यार्डांचा होल असतो. पहिल्या दोन फटक्यांत माणूस तीनशे साठ यार्ड पार करतो आणि उरलेल्या चाळीस यार्डांना त्याला पाच फटके लागतात. मुंबईहून दोन तासांत वाकडला यावं आणि वाकडहून कोथरूडला पोचायला तीन तास लागावेत, तसा हा प्रकार. हे शेवटचे चाळीस यार्ड ज्या काठीने काढायचे तिचं नाव वेज. पिशवीतल्या लोखंडी काठ्यांमध्ये ती सगळ्यात आखूड आणि सगळ्यात तिरप्या तोंडाची. काम एकच, चेंडू अलगद उचलून ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक गवतावर, ठेवायचा. पण चेंडू जागचा हलत नाही आणि वीतभर माती मात्र उडते. किंवा चेंडू गुडघ्याच्या उंचीवरून सणसणत ग्रीनपलीकडच्या वाळूच्या बंकरमध्ये जातो. मग प्रश्न येतो: वेज बदलावा की हात सुधारावा?

मराठी माणसाकडे याचं उत्तर तयार असतं. नाचता येईना, अंगण वाकडे. ही म्हण न्यायाधीशाच्या थाटात बोलते, पण पुरावा तपासत नाही. अंगणाला पाणसळ लावून ते सरळ आहे की नाही हे कोणी पाहिलेलं नसतं. सगळं नाचणारीवर ढकलून पंच मोकळे होतात. गोल्फमध्ये मात्र काही अंगणं कारखान्यातूनच वाकडी येतात. काठीच्या तोंडाच्या तिरपेपणाला लॉफ्ट म्हणतात आणि तो अंशांत मोजतात. जुन्या काळी पिचिंग वेजचा लॉफ्ट पन्नास अंशांच्या आसपास असायचा. पुढे कंपन्यांच्या लक्षात आलं की तिरपेपणा कमी केला की चेंडू लांब जातो, आणि चेंडू लांब गेला की गिऱ्हाईक खूश होतं. त्यामुळे आज कित्येक संचांत पिचिंग वेज त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांचा असतो. नाव तेच, काठी दुसरीच. शेजारचा सँड वेज मात्र चोपन्न-छप्पन्नवर बसून राहिला. मधल्या दहा-बारा अंशांची जी दरी पडली ती बुजवायला गॅप वेज नावाची आणखी एक काठी निघाली. खड्डा ज्यांनी खणला, बुजवण्याचं कंत्राटही त्यांनाच मिळालं, हे वाचून आपल्याकडच्या कोणालाही नवल वाटणार नाही. तेव्हा ज्याच्या पिशवीत ही दरी आहे, त्याला मधल्या पंचवीस-तीस यार्डांच्या पट्ट्यात अर्धामुर्धा फटका मारावा लागतो, आणि अर्धामुर्धा फटका हा गोल्फमधला सगळ्यात कठीण फटका. त्याची तक्रार खोटी नाही. त्याचं अंगण खरंच वाकडं आहे.

दुसरा पुरावाही काठीच्याच बाजूचा आहे, आणि तो शेतीच्या भाषेत चटकन कळतो. नांगर जमिनीत रुततो. वखर जमिनीच्या वरच्या थरातून सरकत जातो. वेजच्या तळाला जो फुगीर उतार असतो त्याला बाउन्स म्हणतात, आणि वेजचा नांगर होऊ न देता वखर करणं हे त्याचं काम. तो चार-सहा अंशांचा असला तर कमी आणि दहाच्या वर गेला तर जास्त. हा तळ किती मोलाचा आहे हे गोल्फपटू जीन साराझेनने दाखवून दिलं. उद्योगपती हॉवर्ड ह्यूजेसच्या विमानात बसलेला असताना शेपटीकडचा भाग खाली गेला की नाक वर उठतं हे त्याने पाहिलं, आणि घरी येऊन काठीच्या पाठीला शिशाचे थर डकवून तिचा तळ जाड केला, असं तो सांगायचा. १९३२ मध्ये इंग्लंडमधल्या प्रिन्सेसच्या मैदानावर त्याने ब्रिटिश ओपन पाच फटक्यांच्या फरकाने जिंकली. आणि तोवर कोणाच्या नजरेत भरू नये म्हणून ती काठी तो पिशवीत उलटी ठेवायचा, असंही सांगतात. साराझेनचे हात आदल्या वर्षीही तेच होते. वाळूशी त्याचं जमवून दिलं ते काठीच्या तळाने. आपल्याकडे तर हा तळाचा प्रश्न ऋतूगणिक बदलतो. मे महिन्यात पाट्यासारखी टणक झालेली जमीन फुगीर तळाला उसळी देते आणि काठीची धार चेंडूच्या कमरेत बसते. तीच जमीन जुलैत लोण्यासारखी होते आणि चपट्या तळाचा वेज तिच्यात मुठीपर्यंत जाऊ बघतो. एकाच मैदानात दोन अंगणं, आणि नाचणारी एकच.

इथवर वाचून कोणी दुकानाकडे निघाला असेल तर त्याने जरा थांबावं, कारण आता हाताची बाजू यायची आहे आणि ती साध्या वजाबाकीची आहे. काठीवर दहा अंशांचा बाउन्स कोरलेला असतो, पण तो काठी सरळ धरली तरच मिळतो. फटका बसताना दांडा दहा अंश पुढे झुकला की दहातून दहा गेले, उरलं शून्य. पाच आकडी रक्कम मोजून वखर आणावा आणि मनगटाच्या एका झुकावाने त्याचा नांगर करावा, असं रोज घडतं. उलट चूक तर याहून माणुसकीची आहे. चेंडू वर जायला हवा म्हणून माणूस त्याला स्वतः उचलू पाहतो. भार मागच्या पायावर राहतो, मनगटं चमच्यासारखी पुढे वळतात आणि झोक्याचा सगळ्यात खालचा बिंदू चेंडूच्या मागे पडतो. मग माती तरी उडते नाहीतर चेंडूच्या डोक्यावर टपली तरी बसते. खरं म्हणजे चेंडू उचलायचं काम लॉफ्टला नेमून दिलेलं आहे. खेळाडूने फक्त काठी खाली आणायची. विटीदांडू खेळलेल्या पोराला हे शिकवावं लागत नाही. विटी कोलताना तो विटीला हवेत फेकत बसत नाही. दांडा बरोबर जागी घालतो, बाकीचं विटीच करते. आणि विटी कोलता आली नाही म्हणून कोणी सुताराकडून नवा दांडा करून आणल्याचं ऐकिवात नाही.

हाताच्या बाजूचे साक्षीदारही तगडे आहेत. सेव्ह बायेस्तेरोस पोरवयात स्पेनमधल्या पेद्रेन्याच्या समुद्रकिनाऱ्यावर एका थ्री आयर्नने सगळे फटके शिकला, म्हणजे जी काठी चेंडू लांब आणि जमिनीलगत मारण्यासाठी असते तिने. पुढे त्याने पाच मेजर स्पर्धा जिंकल्या. टायगर वुड्सची साक्ष उलट बाजूने आहे. २०१५ मध्ये फिनिक्स ओपनच्या दुसऱ्या फेरीत त्याने ब्याऐंशी फटके घेतले, आणि त्यातले बरेच ग्रीनच्या काठावरून चेंडू चार हात सरकवताना वाया गेले. तोवर चौदा मेजर जिंकलेल्या त्या माणसाला जगातला कोणताही वेज एका फोनवर मिळाला असता. व्हिक्टर होव्हलँडची चिपिंग, म्हणजे ग्रीनलगतचे छोटे फटके, इतकी कच्ची होती की तो स्वतःच तिची जाहीर थट्टा करायचा; त्याने जो मेयो या प्रशिक्षकाबरोबर तंत्र मुळापासून घासलं आणि २०२३ मध्ये टूर चॅम्पियनशिप जिंकून फेडेक्स कप उचलला. यावर कोणी म्हणेल की सेव्ह हा सेव्ह होता, त्याचं उदाहरण आम्हाला कशाला? हरकत रास्त आहे. मोठा झाल्यावर स्पर्धेत सेव्हही सँड वेजच काढायचा. थ्री आयर्नने त्याला काय शिकवलं, तर काठीचा तळ वाळूत कुठे उतरतो याचं भान. ते दुकानात मिळत नाही, एवढाच त्या साक्षीचा अर्थ.

दुसरी हरकत जास्त चतुर आहे: व्यावसायिक खेळाडू तर सारखे वेज बदलतात, मग आम्ही का नको? ते बदलतात, कारण रोज शेकडो चेंडू मारून त्यांच्या वेजच्या तोंडावरच्या खाचा झिजतात आणि झिजलेल्या खाचांनी चेंडूला फिरकी कमी मिळते. या खाचांचं मोल किती, तर २०१० मध्ये नवा नियम येऊन धारदार खाचांवर बंधनं आली, तेव्हा फिल मिकेलसनने १९९० पूर्वी बनलेला पिंग कंपनीचा जुना वेज बाहेर काढला. एका जुन्या खटल्यातल्या तडजोडीमुळे तो कायदेशीर ठरत होता. म्हणजे जगातला एक अव्वल खेळाडू नव्याच्या नव्हे, वीस वर्षांपूर्वीच्या वेजच्या शोधात होता. रविवारी सकाळी अठरा होल खेळणाऱ्याच्या वेजच्या खाचा झिजायला बरीच वर्षं लागतात. त्या आधी गुडघे झिजतात. तिसरी हरकत मनाची आहे. नव्या काठीने आत्मविश्वास येतो, आणि गोल्फ तर निम्मा मनाचाच खेळ. हेही मान्य. फक्त आपल्याकडे नव्याचे दिवस नऊच धरलेले आहेत आणि वेजच्या बाबतीत त्यातले आठ काठी सगळ्यांना दाखवण्यात जातात. शिवाय पिशवीत चौदाच काठ्या ठेवायची मर्यादा अमेरिकेत १९३८ पासून आणि ब्रिटनमध्ये १९३९ पासून आहे. नवा वेज आत आला की कोणीतरी बाहेर जातंच. बहुतेक वेळा ती त्याच्या खालोखाल नडणारी काठी असते, म्हणजे पुढच्या खरेदीची सोयही आजच झाली.

चौथी हरकत वयाची आहे आणि तिच्यापुढे मी थोडा नमतो. पन्नाशी उलटली, कंबर कुरकुरते, आता तंत्र कधी सुधारणार? अशांनी काठी जरूर बदलावी, पण दुकानातल्या काठीने नाही. पिशवीतल्याच दुसऱ्या काठीने. चेंडू ग्रीनच्या काठावर असेल आणि मध्ये बंकर नसेल, तर एट आयर्नने तो थोडा उडवून बराच घरंगळत न्यावा. गवत बारीक असेल तर सरळ पटर, म्हणजे ग्रीनवर चेंडू घरंगळवायची काठी, काढावा. या पटरच्या फटक्याला गोल्फवाल्यांनी 'टेक्सास वेज' असं भारदस्त नाव देऊन ठेवलं आहे, म्हणजे लाजायचंही कारण नाही. ज्या वेजला तिरपेपणा जवळजवळ नाहीच, तो बहुतेकांच्या हातात सगळ्यात भरवशाचा वेज ठरतो. उंच उडालेला चेंडू बघायला छान दिसतो हे खरं, पण कार्डावर उंचीचा रकाना नसतो.

मग निवाडा कसा करायचा? म्हणीने नाही आणि जाहिरातीनेही नाही; रेघेने करायचा. सामना चालू असताना बंकरमध्ये चेंडूच्या लगत मागे-पुढे काठी टेकवायला नियमाची बंदी आहे, म्हणून हे सरावाच्या बंकरमध्ये करावं. वाळूत बोटाने एक लांब रेघ ओढावी, चेंडू न ठेवता रेघेवर दहा वेळा वेज फिरवावा आणि वाळू कुठून उचलली जाते ते पाहावं. एकदा रेघेमागे वीतभर, एकदा रेघेपुढे चार बोटं, असा पसारा दिसला तर जगातला कोणताही वेज कामाचा नाही. पैसे शिकवणीवर घालावेत. दहाही वेळा वाळू रेघेवरूनच उचलली गेली आणि तरीही काठी रुततेच किंवा उसळतेच, तर हात निर्दोष आहे. मग तळाचा बाउन्स तपासावा, पिशवीतल्या वेजचे अंश कागदावर मांडावेत, जिथे दरी दिसेल तिथे खुशाल काठी विकत घ्यावी आणि घरच्यांना ती रेघ पुरावा म्हणून दाखवावी. माझा अंदाज विचाराल तर दहापैकी आठ जणांच्या रेघेवर पसाराच निघेल. उरलेल्या दोघांना नवा वेज लखलाभ. आणि ज्यांनी रेघ न ओढताच वेज आणला असेल, त्यांनी निदान जुना फेकू नये. रेघ ओढायला तो उपयोगी पडेल.