आमच्यात असं नसतं

भाद्रपदात गौरी यायच्या आधी आत्या येतात. गौरींचं सगळं पंचांगात असतं: अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठावर पूजन, मूळावर विसर्जन. आत्यांना नक्षत्र लागत नाही. अमरावतीची गाडी वेळेवर सुटली की झालं. त्या येतात, पाय धुतात आणि पदर खोचून थेट सैपाकघरात जाऊन हाताला लागेल तो पहिला डबा उघडतात. "हे बेसन दळून आणलंय की पुडीतलं?" इथून आमचा सण सुरू होतो.

ही आत्या एकट्या आमच्या घरची नाही. कुणाकडे ती मावशी असते, कुणाकडे थोरली जाऊ. एखाद्या दुर्दैवी घरात तर हे पद निवृत्त काकांकडे जातं. त्यांना स्वतःचा चहा करता येत नाही, पण कटाच्या आमटीला खोबरं भाजून घालायचं की कच्चं, यावर ते तासभर बोलू शकतात. नातं कुठलंही असो, वाक्य एकच. "आमच्यात असं नसतं."

आमच्या आत्या बँकेतून निवृत्त झाल्या. सुती साडी, मनगटावर घड्याळ, चष्म्याला दोरी. नोकरीत होत्या तेव्हा गौरी जेवायच्या दिवशी रजा मिळणं मुश्कील, म्हणून काही वर्षं त्यांच्याकडचा सगळा सैपाक एका आचारीणबाईंनी केला, हे घरात सर्वांना ठाऊक आहे. कुणी बोलत नाही. शास्त्र माणसाला निवृत्तीनंतरच लागतं, कारण तोवर त्याला वेळच नसतो. पेन्शन सुरू झाली आणि आत्यांना आपल्या घराण्याच्या परंपरा एकेक करून आठवू लागल्या. काही परंपरा तर आमच्या आजीलाही माहीत नव्हत्या.

घोटाळा असा की आत्यांना 'आमच्यात' दोन आहेत. माहेर माणदेशातलं, दहिवडीचं, सासर अमरावतीचं. माहेरी आल्या की त्यांच्यातली विदर्भाची सून जागी होते. "आमच्यात महालक्ष्म्यांना ज्वारीची आंबील लागतेच. कढी लागते. पुरणाची पोळी तुपात बुडायला हवी. तुमचं हे चमच्यानं तूप सोडणं म्हणजे डोळ्यांत औषध घातल्यासारखं." आई शांतपणे "बरं, वन्सं" म्हणते आणि आंबिलीसाठी ज्वारीचं पीठ भिजवायला घेते. मला बरीच वर्षं वाटायचं की अमरावतीला आत्या हेच सांगत असतील. मग एकदा त्यांच्या घरी महालक्ष्म्यांना जायचा योग आला. तिथे त्या सुनेला सांगत होत्या, "आमच्यात कटाची आमटी असते. झणझणीत, काळ्या मसाल्याची, वर तवंग. आमटीशिवाय पोळी म्हणजे काय गं जेवण?" तिकडची सूनही "बरं" म्हणाली आणि डाळीचं गाळलेलं पाणी बाजूला ठेवलं. म्हणजे दोन्ही घरांत जे नसतं ते आत्यांच्यात असतं. त्याचा परिणाम असा झाला की आज दहिवडीला आंबील होते आणि अमरावतीला कट. दोन्ही ठिकाणी लोक बोटं चाटून खातात आणि दोन्ही ठिकाणी आत्यांना वाटतं की लोक आपलं ऐकत नाहीत.

खरी कसोटी सोळा भाज्यांना लागते. गौरींचा दोरा सोळा पदरी, म्हणून भाज्याही सोळा. आत्या मंडईत स्वतः येतात. पडवळ, दोडका, कारलं, अळू, भेंडी, गवार, घेवडा इथपर्यंत पिशवी सुरळीत भरते. लाल भोपळा, बटाटा, टोमॅटो, फ्लॉवर यांनाही प्रवेश मिळतो. एका वर्षी माझ्या पुतण्याने पिशवीत ब्रोकोलीचा गड्डा टाकला.

"हे काय?"

"ब्रोकोली, आत्याआजी. भाजीच आहे."

"काढ ते. परदेशी काही नको. आमच्यात असं नसतं."

पुतण्या कृषी महाविद्यालयात शिकतो. मुलाला शिकवण्यातला हा एक धोका. त्याने भर मंडईत सांगायला सुरुवात केली की बटाटा, टोमॅटो, लाल भोपळा आणि फोडणीतली मिरची, हे सगळं अमेरिका खंडातून आलेलं, युरोपातल्या व्यापाऱ्यांच्या जहाजांतून इकडे पोचलेलं. फ्लॉवर तर इंग्रजांनी आणला. आणि वनस्पतिशास्त्राच्या हिशेबी फ्लॉवर आणि ब्रोकोली ही एकाच जातीची भावंडं, दोघंही कोबीच्या घरातली. भाजीवाली वजन करायचं थांबवून ऐकत होती.

आत्यांनी चष्मा काढला. "मिरचीला येऊन किती वर्षं झाली म्हणतोस?"

"चारशेच्या वर."

"मग ती आता आमच्यातलीच. तुझ्या ब्रोकोलीला म्हणावं, चारशे वर्षांनी ये."

पुतण्या गप्प. मला मात्र या उत्तरात एका बँक अधिकाऱ्याची शिस्त दिसली. खातं जुनं असलं की ओळखपत्र मागायचं नाही. नव्या माणसाला मात्र फॉर्म भरून द्यावाच लागतो. आणि खरं सांगायचं तर जगातल्या कुठल्याही स्वयंपाकघरात याहून वेगळा नियम नाही. उपवासाच्या फराळी ताटात साबुदाणा, बटाटा, शेंगदाणे आणि मिरची हे चौघे जण सोवळ्यात बसलेले असतात. चौघांचंही मूळ गाव अटलांटिकच्या पलीकडे. त्यांना कुणी उठवलंय?

जुनेपणाचा हा कायदा किती लवचिक आहे ते पाटवडीने दाखवलं. आमच्याकडे सोळा भाज्यांत सोळावी म्हणून पाटवडीची आमटी असते. बेसन शिजवून, ताटात थापून, वर खोबरं-कोथिंबीर पसरून वड्या पाडायच्या आणि मग रश्श्यात सोडायच्या. आत्या पाहुण्यांना सांगत, "ही आमच्या घराण्याची खूण. पेशव्यांच्या वेळेपासून आमच्यात गौरीला पाटवडी असते." पाहुणे आदराने वडी उचलत. एकदा आई वाढता वाढता थांबली. आई सहसा थांबत नाही.

"वन्सं, पाटवडी बाहत्तरची आहे."

"म्हणजे?"

"बाहत्तरच्या दुष्काळातली. माझी लग्नानंतरची पहिलीच गौर. पाऊस नाही, विहिरीला पाणी नाही, बाजारात भाजी नाही. रेशनची तांबडी मिलो ज्वारी खात होतो आपण. कशाबशा नऊ-दहा भाज्या जमल्या, त्यात दोन तर रानातल्या. सासूबाई म्हणाल्या, डबे धुंडाळा आणि सोळा करा. तेव्हा मी बेसनाच्या वड्या थापल्या. तुम्ही मॅट्रिकच्या क्लासला गेला होतात."

पंगत थबकली. आत्या घोटभर पाणी प्यायल्या. "बाहत्तर ना? म्हणजे झालीच की पन्नास वर्षं. शास्त्रच झालं ते." आणि आईकडे वळून, "पण वहिनी, तेव्हाची वडी पातळ असायची. हल्ली तुमची जाड होते."

आता पुरण. इथे मात्र आत्यांच्या नादी कुणी लागू नये, कारण इथे त्यांना खरंच कळतं. हरभऱ्याची डाळ बोटानं चेपली जाईपर्यंत शिजवायची, चाळणीवर उपसायची, खालचा कट आमटीला. डाळीत गूळ घातला की आधी सगळं पातळ होतं. नवख्या सुनेचा धीर इथेच सुटतो आणि तिला वाटतं बिघडलं. आत्या म्हणतात, "घाबरू नकोस, ढवळ. गूळ आधी पाणी सोडतो, मग आवळतो." त्या कढईशी उभ्या राहतात. घड्याळाकडे बघत नाहीत, उलथन्याकडे बघतात. तळ सुटायला लागतो, बुडबुडे जड होतात, उडालेला एखादा थेंब हाताला चटका देतो. मग त्या उलथनं पुरणाच्या मधोमध रोवून हात काढून घेतात. कललं तर अजून दोन मिनिटं. ताठ उभं राहिलं की गॅस बंद. त्याच क्षणी, पुरण गरम असतानाच पुरणयंत्रात. गार झालं तर यंत्राचा दांडा फिरवताना खांदा निखळतो. कणीक सैल, तेलात तिंबलेली, कमीत कमी दोन तास मुरलेली. पुरण आणि कणीक हाताला सारखीच मऊ लागली पाहिजे, नाहीतर पोळी लाटताना फुटते. कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' 1970 साली आलं आणि वाटी-चमच्याच्या मापानं दोन पिढ्यांना सैपाक शिकवून गेलं. आत्यांकडे त्याची पानं सुटलेली प्रत आहे आणि समासात जागोजागी पेन्सिलीनं लिहिलंय: "गूळ कमी". त्यांना माप विचारलं तर सांगत नाहीत. सांगता येतच नाही. तिथे जे काय आहे ते मनगटात आहे.

पान वाढतानाही त्या अशाच दक्ष. केळीच्या पानाचं टोक जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला. मीठ वर मधोमध. डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर; उजवीकडे भाज्या; मध्ये भाताची मूद, वर वरण, आणि सगळ्यात शेवटी तूप. तूप पडेपर्यंत हात पानाकडे जाता कामा नये. चटणी उजवीकडे पडली तर आत्या पान उचलायला लावत नाहीत, फक्त त्या चटणीकडे बघत राहतात. जेवणारा आपणहून ती डावीकडे सरकवतो.

माझी आतेबहीण न्यू जर्सीत असते. तिच्या घरी गौरी बसतात आणि आत्या व्हिडिओ कॉलवर बसतात. "कॅमेरा खाली कर. अगं, मला तुझा चेहरा नको, कढई दाखव." तिकडे पंचाईत अशी की ज्येष्ठा नक्षत्र आठवड्याच्या मधेच येतं आणि सुट्टी शनिवारी मिळते. या प्रश्नावर आत्यांनी दोन दिवस विचार केला, अमरावतीच्या गुरुजींना फोन लावला, आणि मग गुरुजी काय म्हणाले ते न सांगता निकाल दिला: "अमेरिकेत ज्येष्ठा शनिवारी असते." हाच प्रश्न आम्ही इथून विचारला असता तर आम्हाला वाळीत टाकलं असतं.

त्याच आतेबहिणीच्या शेजारी एक रायगडकडचं कुटुंब आहे. त्यांच्याकडे गौरीला तिखटाचा नैवेद्य, मटण आणि वडे. कोकणात आणि मुंबईकडे अशी कितीतरी घरं आहेत. हे कळल्यावर आत्या काय म्हणतील या भीतीने सगळे गप्प होते. आत्या म्हणाल्या, "माहेरवाशीण आहे ती. तिला आवडतं ते करायचं. आपण कोण नावं ठेवणार?" आणि जरा थांबून, "मसाला भाजून घेतात का गं त्या?"

हल्ली आत्यांचे गुडघे बोलतात. गेल्या वर्षी कढईशी पंधरा मिनिटं उभं राहून त्या खुर्चीत बसल्या आणि हळूच मला म्हणाल्या, "कोपऱ्यावरच्या दुकानातून वीस पोळ्या आण. वहिनींना बोलू नकोस." मी आणल्या. आत्यांनी त्या तव्यावर पुन्हा गरम केल्या, घरचं तूप सोडलं आणि डब्यात रचल्या. पंगतीत कुणीतरी कौतुक केलं तर म्हणाल्या, "तूप घरचं आहे ना, मग पोळीही घरचीच." आईने पहिल्या घासालाच ओळखलं होतं. ती म्हणाली, "बरं, वन्सं."

माझी बायको चिपळूणची. लग्नानंतरच्या पहिल्या गौरीला तिने भीत भीत घावन-घाटलं केलं होतं: तांदळाचे जाळीदार घावन आणि नारळाच्या दुधातलं, गूळ-वेलचीचं घाटलं. आत्यांनी वाक्य ऐकवलं, मग एक घावन घेतला, मग दुसरा. पुढच्या वर्षी म्हणाल्या, "ते तुझं पातळ-पातळ काय होतं, ते थोडंसं कर." परवा फोनवर कुणाला तरी सांगत होत्या, "हो, आमच्यात घावन-घाटलं लागतंच. पूर्वीपासून."

तेव्हा तुमच्या घरी अशी आत्या असेल तर वाद घालू नका, इतिहास काढू नका आणि पुतण्याला मंडईत नेऊ नका. नवीन पदार्थ गौरीच्या पानात घुसवायचा असेल तर न विचारता एकदा करा, पण उत्तम करा, आणि आत्या दुसऱ्यांदा मागेपर्यंत तोंड उघडू नका. आमच्याकडे टोमॅटोचं सार असंच आत आलं, दुधीचा हलवाही. यंदा पुतण्या मशरूम आणणार म्हणतोय. ते काही जमेल असं वाटत नाही.