जानव्यातला पेनड्राइव्ह

काकांकडे पेनड्राइव्ह घेऊन गेलं की चपलांबरोबर तोही दाराबाहेर ठेवावा लागतो. "तुम्ही या आत, त्याला राहू द्या तिथंच," म्हणत ते चष्मा पुसतात आणि चौकशी सुरू होते. कधीपासून आहे? घरात आणखी कोणाला? बाहेरचं काही?

"झेरॉक्सच्या दुकानात एकदाच लावला होता," मी ओशाळून म्हणालो.

"एकदाच पुरतं."

असे एक काका प्रत्येक सोसायटीत असतात. बँकेत कॉम्प्युटर येणार म्हटल्यावर युनियनच्या मोर्चात पुढे असलेले आणि निवृत्तीनंतर त्याच कॉम्प्युटरची नाडी धरून बसलेले. आमच्या काकांच्या जानव्याला पूर्वी कपाटाची किल्ली असायची. आता तिथं पेनड्राइव्ह लोंबतो. (आंघोळीच्या वेळी तो काकूंकडे सोपवला जातो. किल्ली कधी सोपवली नव्हती, असं काकू सांगतात.)

ही दहाएक वर्षांपूर्वीची गोष्ट. मुलीच्या प्रवेशाचे कागद ज्यात होते तो पेनड्राइव्ह उघडला, तर प्रत्येक फोल्डरच्या जागी त्याच नावाचा शॉर्टकट. अँटिव्हायरस मात्र हिरवी खूण मिरवत 'सर्व सुरक्षित' म्हणत होता. वर्षाचे पैसे नुकतेच भरल्यामुळे माझाही त्याच्यावर विश्वास होता.

"अँटिव्हायरस म्हणजे आपला वॉचमन," काका म्हणाले. "वहीत जुन्या चोरांचे फोटो चिकटवलेत. त्यातला आला तर धरेल. नवा आला तर सलाम ठोकेल, वर सामान उचलू लागेल. जुन्यानंच मिशी काढली तरी वही बाद."

"पण वागणुकीवरून ओळखणारेही असतात ना?" मी कुठंतरी वाचलेलं पुढे केलं.

"असतात. ते घरच्यांनाच आधी धरतात."

नुसता पेनड्राइव्ह धुऊन उपयोग नव्हता. रोग माझ्या कॉम्प्युटरला होता, पेनड्राइव्ह तो फक्त गावभर वाटत होता. संध्याकाळी काका घरी आले. टास्क मॅनेजर उघडून त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. "हा डब्ल्यूस्क्रिप्ट. विंडोजच्याच घरचा गडी, स्वभावानं गरीब. कोणीही हातात चिठ्ठी दिली की वाचतो आणि लिहिलंय तसं करतो. आता चिठ्ठी कोणाची ते बघायचं." चिठ्ठी टेम्प फोल्डरात निघाली, दोन-चार केबीची. कॉम्प्युटर सुरू झाला की तीच आधी वाचायची, अशी नोंदही तिनं रजिस्ट्रीत करून ठेवलेली. आधी गड्याला बसवलं, मग नोंद खोडली, मग चिठ्ठी फाडली. हा क्रम चुकला की शॉर्टकट पाच मिनिटांत परत येतात आणि लोक पेनड्राइव्ह फेकून देतात, हे सांगताना काकांचा आवाज कातर झाला.

मग काळी खिडकी उघडून त्यांनी पाढा म्हणावा तसं म्हटलं, "ॲट्रिब, उणे एच, उणे आर, उणे एस..." आणि एंटर दाबलं. व्हायरसनं फायली खाल्ल्याच नव्हत्या, नुसत्या लपवल्या होत्या. एकेक फोल्डर गणपतीला गावी येणाऱ्या नातेवाइकांसारखा हजर होऊ लागला.

चहाबरोबर इतिहास आला. १९८६ सालचा 'ब्रेन' हा काकांचा लाडका व्हायरस. लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला, फ्लॉपीवरून पसरलेला. आणि त्याच्या पोटात त्यांच्या दुकानाचं नाव, पत्ता, फोन नंबर. "त्या काळचे व्हायरससुद्धा पत्ता देऊन येत हो!" २००० सालचं 'आय लव्ह यू' मात्र त्यांना पसंत नाही. प्रेमपत्राच्या नावाखाली प्रोग्रॅम पाठवायचा, आणि विंडोज फाइलच्या नावाचं शेवटचं शेपूट लपवतं याचा फायदा घ्यायचा. शेपूट दिसलंच पाहिजे, म्हणून जाण्यापूर्वी ते माझ्या कॉम्प्युटरची तेवढी सेटिंग बदलून गेले. पुन्हा त्रास झाला तर असू द्या म्हणून स्वतः लिहिलेला 'उतारा' नावाचा प्रोग्रॅमही ठेवून गेले.

रात्री साडेदहाला कॉम्प्युटर किंचाळला. लाल चौकट, भोंगा, 'धोका सापडला'. तीन आठवडे ढिम्म बसलेल्या अँटिव्हायरसनं 'उतारा' पकडून कोंडून ठेवला होता.

काकांना फोन केला. बराच वेळ पलीकडून काहीच आलं नाही.

"म्हणजे," काका शेवटी म्हणाले, "जिवंत आहे म्हणायचा."